महाड नगरपालिकेचा ठराव आणि आपल्या वस्तीतला नळ

मार्च महिना उजाडला की आपल्या वस्त्यांतून महाडला जायच्या गाड्या ठरू लागतात. वर्गणी निघते, भाकऱ्या बांधल्या जातात, आजीपासून नातवापर्यंत सारे २० मार्चला चवदार तळ्यावर हजर असतात. बाबासाहेबांनी त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ही गोष्ट आपल्या घरातल्या शाळेत न जाणाऱ्या पोरालाही ठाऊक असते. परंतु या लढ्याची एक बाजू सभांमधून फारशी सांगितली जात नाही. ती आहे कागदांची बाजू. चवदार तळे अस्पृश्यांना मोकळे असल्याचा ठराव महाड नगरपालिकेने १९२४ सालीच केला होता. म्हणजे १९२७ साली बाबासाहेब आणि त्यांच्यामागून निघालेली माणसे तळ्यावर गेली, ती नगरपालिकेच्या दप्तरात त्यांचे म्हणून नोंदलेले पाणी घ्यायला गेली होती.

मग ठराव असताना तीन वर्षे पाणी का मिळाले नाही? आणि पुढे तोच ठराव मागे कसा घेतला गेला? कौन्सिल, नगरपालिका आणि कोर्ट या तीन ठिकाणांतून फिरलेल्या त्या कागदाची हकिगत आज आम्ही मुद्दाम सांगत आहोत. आपल्या वस्तीतला नळ, गटार, अभ्यासिका, विहाराकडे जाणारा रस्ता हे सारे आजही असल्याच एखाद्या ठरावावर अडलेले किंवा सुटलेले असते.

सुरुवात मुंबईत झाली. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांनी एक ठराव मांडला. बोले हे भंडारी समाजातले सुधारक पुढारी. त्यांच्या ठरावाचा आशय असा होता : सार्वजनिक पैशातून बांधलेले व राखलेले, किंवा सरकारने नेमलेल्या अथवा कायद्याने निर्माण झालेल्या संस्थांच्या ताब्यात असलेले पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, कोर्टे, कचेऱ्या व दवाखाने यांचा वापर अस्पृश्य वर्गांना करू द्यावा, अशी हे कौन्सिल शिफारस करते. ठराव मंजूर झाला. बाबासाहेब त्याच वर्षी विलायतेतून शिक्षण पुरे करून परतले होते. बहिष्कृत हितकारिणी सभा निघायला अजून वर्षभर अवकाश होता.

ठरावातले शेवटचे क्रियापद वाचकांनी नीट पाहावे. ‘शिफारस करते.’ त्यानंतर ११ सप्टेंबर १९२३ रोजी सरकारने परिपत्रक काढले. सरकारच्या स्वतःच्या जागांपुरती अंमलबजावणी करण्याची सूचना खातेप्रमुखांना गेली. पण नगरपालिका आणि लोकल बोर्डे यांच्या बाबतीत काय? तर कलेक्टरांनी आपल्या हद्दीतील अशा संस्थांना ही शिफारस स्वीकारणे इष्ट आहे की नाही, याचा विचार करण्याचा सल्ला द्यावा. विचार करण्याचा सल्ला! म्हणजे कौन्सिलने शिफारस केली, सरकारने सल्ला दिला, आणि पाण्याची किल्ली गावातल्या पुढाऱ्यांच्याच हातात राहिली.

महाडच्या नगरपालिकेने मात्र विचार केला आणि १९२४ मध्ये ठरावही केला. त्याचा आशय असा की, अस्पृश्यांनी तळ्याचा वापर करण्यास नगरपालिकेची हरकत नाही. महाडमध्ये त्या काळी काही भले लोक होते, हे इथे सांगितले पाहिजे. नगरपालिकेचे अध्यक्षपद सांभाळलेले सुरबानाना टिपणीस आणि त्यांच्याबरोबर अनंतराव चित्रे यांनी पुढे बाबासाहेबांना उघड साथ दिली, आपल्याच जातभाईंचा राग ओढवून घेतला. त्यांचे ऋण आपण मानतोच. तरीही ठरावाचे शब्द ते शब्दच. ‘हरकत नाही’ म्हणणाऱ्याला काही करावे लागत नाही. तळ्यावर उभे राहून कोणी अडवले तर त्याला हटवायचे कोणी, पाणी भरायला आलेल्या बाईच्या डोक्यावर दगड बसला तर जबाबदार कोण, यांतले काहीच त्या दोन शब्दांत येत नव्हते. नगरपालिकेने आपल्या ठरावाच्या अंमलबजावणीसाठी पाऊल उचलले नाही आणि सवर्णांच्या भीतीने आपली माणसे तळ्याकडे फिरकली नाहीत. गुरेढोरे पाणी पीत होती, मुसलमान पाणी भरत होते. ज्यांच्या नावाने ठराव झाला होता, तेवढेच तहानलेले होते.

अशी नगरपालिका एकटी महाडचीच नव्हती. बोल्यांनाही ते दिसत होते. ५ ऑगस्ट १९२६ रोजी त्यांनी कौन्सिलात पुन्हा उभे राहून दुसरा ठराव मांडला : ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डे १९२३ चा ठराव अमलात आणणार नाहीत, त्यांना सरकारने अनुदान देऊ नये. आमच्या मते या साऱ्या हकिगतीत सर्वांत शहाणपणाचा कागद हाच. नुसत्या उपदेशाने जिथे काम होत नाही, तिथे तिजोरीला हात घालावा लागतो, हे गिरणगावातल्या कामगार माणसाने त्यांनी ओळखले होते असे म्हटले तर वावगे ठरणार नाही. कारण बोले यांचे कामगार चळवळीतले कामही मोठे होते. पण हाही ठराव शेवटी शिफारसच होता.

आता १९२७. मार्चच्या १९ आणि २० तारखेला महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. परिषदेला आलेल्या लोकांना प्यायला पाणी हवे. तळे मोकळे असल्याचा ठराव दप्तरात होता, आणि परिषदेच्या व्यवस्थापकांना चाळीस रुपयांचे पाणी सवर्णांकडून विकत घ्यावे लागले. त्या काळचे चाळीस रुपये! घरखर्चाचा हिशेब ठेवणाऱ्या आमच्या भगिनींना या आकड्याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी काय घडले ते सर्वश्रुत आहे, म्हणून आम्ही लांबण लावत नाही. लोक रांगेने तळ्यावर गेले, पाणी प्याले, शांतपणे परतले. मग गावात आवई उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. काठ्या निघाल्या. जेवायला बसलेल्या, परतीच्या वाटेला लागलेल्या आपल्या माणसांना मारहाण झाली. इथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. नगरपालिकेचा ठराव तीन वर्षांत गावाच्या वेशीपर्यंत पोचला नव्हता. खोटी बातमी मात्र तासाभरात घरोघर गेली. लोकांना खरे काय ते सांगणारे साधन आपल्या हाती नसले म्हणजे असे होते. बाबासाहेबांनी दोनच आठवड्यांनी, ३ एप्रिल १९२७ रोजी, ‘बहिष्कृत भारत’ सुरू केले आणि महाडची हकिगत, कायद्याची बाजू, सरकारची जबाबदारी हे सारे त्यातून लिहिले. आपल्यासारख्या समाजाला स्वतःचे पत्र का लागते, याचे याहून मोठे उदाहरण आम्हांस दुसरे सुचत नाही.

तळे ‘बाटले’ म्हणून सवर्णांनी १०८ घागरी पाणी उपसून, शेण, गोमूत्र, दूध, दही मिसळून, मंत्र म्हणून ते शुद्ध केले, हेही आपणास ठाऊक आहे. पण शुद्धीकरणाचा दुसरा प्रकार याहून गंभीर होता, आणि तो सभागृहात झाला. महाड नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. तारीख होती ४ ऑगस्ट १९२७. बोल्यांचा ठराव मुंबईत मंजूर झाला तोही ४ ऑगस्टलाच, बरोबर चार वर्षांपूर्वी. हा योगायोग असेल. पण कायदेमंडळाने एका तारखेला जे दिले ते नगरपालिकेने त्याच तारखेला काढून घेतले, हे खरे. घागरींचे शुद्धीकरण पाण्यात विरून गेले असते. हात वर करून केलेला रद्दीचा ठराव मात्र कायदेशीर होता, कारण वरून आलेला कागद बंधनकारक नव्हता. ज्यांनी ‘हरकत नाही’ म्हटले होते त्यांना ‘हरकत आहे’ म्हणायला एक बैठक पुरली.

बाबासाहेबांनी २५ डिसेंबरपासून सत्याग्रहाची हाक दिली. तेव्हा विरोधकांनी तिसरे दार ठोठावले. १२ डिसेंबर १९२७ रोजी काही सवर्णांनी महाडच्या दिवाणी कोर्टात दावा लावला आणि दोनच दिवसांत, १४ डिसेंबरला, तात्पुरता मनाईहुकूम मिळवला. परिषदेसाठी गावात कोणी हिंदू जागा देईना, तेव्हा फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली. तिथे २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली. तळ्यावर मात्र बाबासाहेब त्या वेळी गेले नाहीत. लोक तयार होते, नावे नोंदवून बसले होते. तरी कोर्टाचा हुकूम मोडायचा नाही, कोर्टातच जिंकायचे, असे त्यांनी ठरवले. त्या रात्री तरुण मंडळींना ते किती जड गेले असेल!

मनाईहुकूम २३ फेब्रुवारी १९२८ ला उठला. दावा मात्र चालत राहिला. खालच्या कोर्टाचा निकाल ८ जून १९३१ ला लागला, जिल्ह्याच्या अपिलाचा ३० जानेवारी १९३३ ला, आणि मुंबई हायकोर्टाचा १७ मार्च १९३७ ला. तिन्ही ठिकाणी वादी हरले. तळे कोणाचे, हा त्यातला पहिला प्रश्न. आजूबाजूची घरे सवर्णांची होती; पण तळे त्यांच्या मालकीचे ठरले नाही, ते नगरपालिकेचे ठरले. राहिला रूढीचा मुद्दा. अस्पृश्यांनी इथे पाणी न भरण्याची चाल अनादी काळापासून आहे, असे वादींचे म्हणणे. हायकोर्टाच्या दोन न्यायमूर्तींनी, ब्रूमफील्ड आणि वाडिया यांनी, अशी रूढी सिद्ध झाली नाही असा निर्णय दिला. (हेच ब्रूमफील्ड साहेब १९२२ मध्ये अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा देणारे न्यायाधीश.) तळ्यावर पहिली ओंजळ भरली त्याला दहा वर्षे पुरी व्हायला तीन दिवस कमी होते.

तेव्हा हिशेब असा झाला. १९२३ ची शिफारस, १९२४ चा ठराव, १९२६ चा दुसरा ठराव, १९२७ चा सत्याग्रह आणि रद्दी, १९३७ चा निकाल. एका तळ्यासाठी चौदा वर्षे. पुढे संविधान लिहिताना बाबासाहेब मसुदा समितीचे अध्यक्ष होते. संविधानाचे अनुच्छेद १५ उघडून पाहा. राज्याच्या पैशातून पूर्णतः किंवा अंशतः राखलेल्या, किंवा लोकांच्या वापरासाठी दिलेल्या विहिरी, तळी, स्नानघाट, रस्ते यांच्या वापरात धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणाने कोणत्याही नागरिकावर बंधन घालता येणार नाही, असे त्यात आहे. बोल्यांच्या ठरावातलीच ती यादी वाटते. फरक क्रियापदात. इथे शिफारस उरलेली नाही. कोणत्याही नगरपालिकेला ४ ऑगस्टची बैठक बोलावून हा अधिकार आता रद्द करता येत नाही.

पण वाचकहो, तळ्यावर जाण्याचा अधिकार मिळाला म्हणजे वस्तीत नळ आला असे होत नाही. नळ येतो तो नगरपालिकेच्या सभेतून, अंदाजपत्रकातून, ठेक्यातून. १९९२ साली ७४ वी घटनादुरुस्ती झाली आणि १ जून १९९३ पासून ती लागू झाली. त्यामुळे शहरांच्या कारभाराला संविधानात जागा मिळाली. बारावी अनुसूची जोडली गेली. तिच्यात पाणीपुरवठा, झोपडपट्टी सुधारणा, सार्वजनिक आरोग्य यांसह अठरा विषय आहेत. अनुसूचित जातींना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा आल्या. स्त्रियांना एक तृतीयांश जागा आल्या, आणि महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या. आपल्या समाजातल्या कितीतरी मायबहिणी यामुळे सभागृहात जाऊन बसल्या. ज्या सभागृहात १९२७ साली आपल्या पाण्याचा निकाल आपल्यावाचून लागला, तिथे आज आपला माणूस बसतो.

तिथे बसून काय होते, हे मात्र बघायला हवे. आम्ही सर्वसाधारण सभांची इतिवृत्ते वाचली आहेत. रटाळ वाचन असते ते, खोटे कशाला सांगा. परंतु दहाबारा सभांचे कागद वाचले की ‘हरकत नाही’चे नवे अवतार ओळखू येऊ लागतात. ‘तत्त्वतः मान्यता देण्यात येत आहे.’ म्हणजे पैसा ठेवलेला नाही. ‘निधीच्या उपलब्धतेनुसार काम हाती घ्यावे.’ म्हणजे निधी उरला तर. ‘प्रशासनाने तपासून अहवाल सादर करावा.’ हा अहवाल पुढच्या सभेत येतोच असे नाही. ‘विषय तहकूब.’ म्हणजे पुढच्या विषयपत्रिकेवर तो आहे का, हे आपणच पाहायचे. अशा ठरावाचा फोटो मात्र लगेच फलकावर चढतो. नगरसेवकांचे हसरे चेहरे, खाली मित्रमंडळाची यादी. वस्तीतल्या बायका पहाटे चार वाजता हंडे घेऊन रांगेत उभ्या असतात, त्या फलकाखालीच.

खरा ठराव कसा असतो? त्यात कामाची जागा नेमकी लिहिलेली असते, खर्चाचा आकडा असतो, तो कोणत्या लेखाशीर्षातून द्यायचा ते असते, आणि सूचक-अनुमोदकांची नावे असतात. चार ओळींचाच असतो. पण त्याच्या आधारावर निविदा निघू शकते, आणि निघाली नाही तर विचारणा करता येते.

ठराव मंजूर होऊनही तो टिकेलच असे नाही, हा महाडचा धडा आजही लागू आहे. आता उलटा प्रकारही होतो. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४५१ खाली राज्य सरकार महापालिकेचा ठराव निलंबित किंवा विखंडित करू शकते. लहान शहरांच्या नगरपरिषदांसाठी १९६५ चा अधिनियम आहे. त्याच्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकाऱ्याला ठरावाची अंमलबजावणी थांबवता येते. या अधिकाराचा चांगला उपयोगही होतो आणि वाईटही. १९२७ साली असा बंधनकारक अधिकार वापरून सरकारने महाडचा रद्दीचा ठरावच रद्द केला असता, तर? पण ज्याच्या हाती असा अधिकार असतो तो नेहमी आपल्याच बाजूचा असेल, याची हमी कोण देणार?

आणि सभागृहच नसले तर? मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. राज्यातल्या इतर अनेक शहरांतही तेच झाले. निवडणुका लांबत गेल्या, इतक्या की ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला त्या घेण्याचा आदेश द्यावा लागला. मधल्या काळात सभाही एकच अधिकारी आणि स्थायी समितीही तोच. प्रस्ताव मांडणारा तोच, मंजूर करणाराही तोच. काही अधिकारी कर्तबगार होते, नाही असे नाही. पण नळासाठी भांडायला वस्तीच्या लोकांनी कोणाच्या दारात जायचे? आपल्या राखीव जागा त्या वर्षांत कागदावरच राहिल्या, याची चर्चा आपल्या पुढाऱ्यांनी जितकी करायला हवी होती तितकी केली नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

जाता जाता वर्तमानपत्रातल्या जाहीर सूचनांबद्दल. विकास आराखड्यात एखादा भूखंड वाचनालय, दवाखाना, खेळाचे मैदान यांसाठी राखीव असतो. तो बदलायचा असेल तर १९६६ च्या नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खाली सूचना प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. त्यासाठी एक महिना मिळतो. ही सूचना आतल्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरांत येते. ज्या वस्तीत महिला मंडळाने किंवा विहार समितीने एका शिकलेल्या पोराला आठवड्यातून एकदा त्या सूचना वाचायचे काम लावून दिले आहे, त्या वस्तीचा भूखंड हलवणे सोपे नसते. वाचायला इंग्रजीचीही अडचण असायला नको. स्थानिक संस्थांनी कामकाज मराठीतून करावे असा कायदा महाराष्ट्राने २०२२ मध्ये केला आहे. इंग्रजी कागद हातात देऊन कोणी वाटेला लावू पाहील तर त्याला या कायद्याची आठवण द्यावी.

सर्वसाधारण सभा लोकांना खुली असते. प्रेक्षकांच्या गॅलरीत बसता येते. आपल्या वस्तीचा विषय असेल त्या दिवशी पाचदहा जणांनी, त्यांत बायांनीही, अवश्य जाऊन बसावे. नगरसेवकाच्या बोलण्यात फरक पडतो, हा आमचा अनुभव आहे. ज्यांना कामावरून सुटी काढून जाणे परवडत नाही, त्यांनी कागद मागवावा. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्जाला दहा रुपये लागतात, नकलेच्या पानाला दोन रुपये, आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला अर्जाचे दहा रुपये माफ आहेत. उत्तर तीस दिवसांत यायला हवे. न आल्यास त्याच कार्यालयातील वरिष्ठ अधिकाऱ्याकडे अपील करता येते. अर्जात भाषण लिहू नये. अमुक तारखेच्या सभेतील अमुक क्रमांकाच्या ठरावाची प्रत, त्या विषयाचे इतिवृत्त आणि त्यावर आजवर झालेल्या खर्चाची नोंद मिळावी, एवढेच लिहावे. ही माहिती कशासाठी हवी, ते सांगण्याचे बंधन अर्जदारावर नाही.